समोरची खोली कुणासाठी?

सिंदी (रेल्वे) काय किंवा वर्धा जिल्ह्यातले दुसरे कुठले गाव काय, घराची समोरची खोली सजते पाहुण्यांसाठी आणि घरची माणसे उरलेल्या जागेत वावरतात. शोकेसमध्ये रुखवतातल्या वस्तू, आंदणात आलेला पण कुणी न बसणारा जड सोफा, खिडकी अडवून उभे कपाट. माझ्या मते त्या खोलीवर पहिला हक्क तिथे रोज राहणाऱ्यांचा आहे, आणि नुसत्या देखाव्याच्या वस्तूंनी तिथून हलावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, पण ती दमट हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी मोकळी लागते. तिथे कपाट असेल तर कूलर रात्रभर चालूनही अंग चिकचिकतेच. मनाचेही तसेच असावे. लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांवरील सॅक्सबी आणि रेपेटी यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराचे वर्णन पसाऱ्याचे, अर्धवट कामांचे असे करणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवसभरात जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते. पुरुषांत हा संबंध तितका दिसला नाही. पसारा हेच कारण, असे त्यातून सिद्ध होत नाही. तरी शोकेसची धूळ आपल्याकडे कोण पुसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जवळच्या सेवाग्रामला बापू कुटीत चटई, बुटके मेज आणि मातीच्या भिंतीतले कोनाडे एवढ्यावर देशाचे राजकारण चालले. मोठमोठी माणसे तिथे खाली बसून बोलली. पाहुण्याचा मान फर्निचरवर अवलंबून नसतो, याला याहून जवळचा पुरावा नको. यावर कुणी म्हणेल, गांधींनी साधेपणा निवडला होता. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसलेल्या घरात पहिला सोफा येतो तेव्हा तो कमावलेला मान असतो. हे खरेच आहे, आणि ज्या सोफ्यावर घरचे रोज बसतात तो काढा असे मी म्हणणार नाही. त्याहून वजनदार आक्षेप कापसाचा. भाव मिळेपर्यंत वेचलेला कापूस कित्येक शेतकऱ्यांना घरातच भरून ठेवावा लागतो. त्याने अंगाला खाज सुटते, झोपायला जागा उरत नाही. तिथे नीटनेटकेपणाचा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. त्या घराला गोदाम हवे आणि वेळेवर खरेदी हवी. पण कापूस विकला गेल्यावरही खोली मोकळी होत नसेल, तर अडचण शोकेसची आहे.

आठवणींच्या वस्तूंचे काय? तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी वर्षातून एकदाच निघतो, तरी तो अडगळ नाही. मुले त्याची वाट पाहतात, मोठी माणसे त्याला रंगवतात. ज्या वस्तूची अशी वाट कुणीच पाहत नाही, तिच्याबद्दलचा निर्णय रोज झाडलोट करणाऱ्या बाईने घ्यावा, आणि घरातल्यांनी तो मानावा.