उसन्या मापाचा अंगरखा

नरकचतुर्दशीच्या पहाटे फराळाला बसण्याआधी अंगणात कारीट फोडावे आणि त्याच्या कडू रसाचे बोट जिभेला लावावे, अशी आपल्याकडची जुनी चाल आहे. चकल्या-करंज्यांच्या या दिवसांत मराठी व्याकरणाचा विषय काढणाऱ्या माणसाला दुसरा आधार कोणता? वाचकांनी हा लेख त्या कारिटाच्या जागी धरावा, म्हणजे झाले.

मी पंडित नव्हे. माझ्या शिक्षणाची गाडी मॅट्रिकच्या स्टेशनावर थांबली ती थांबलीच. दिवसा शाळेत मराठी शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. दिवसा ज्या पोरांच्या वाक्यांवर लाल शाई ओतायची, त्यांच्याच आयाबापांचे बोलणे रात्री कान देऊन आठवायचे आणि कागदावर उतरवायचे, असा माझा संसार आहे. या दोन धंद्यांचे माझ्या घरात रोज भांडण चालते. त्यात मास्तराच्या बाजूने पुष्कळांनी लिहिले आहे. म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहितो.

माझे म्हणणे असे, की शाळेत मराठीचे व्याकरण म्हणून जे आपण शिकवतो, त्याचा बराच भाग मराठीचा नव्हेच. तो अंगरखा दुसऱ्याच्या मापाने बेतलेला आहे. कापड ग्रीकांचे, शिवण रोमची, इस्त्री इंग्रजांची आणि आतले अस्तर संस्कृताचे. अंगरखा अंगाला बसत नाही, हे शिंप्यांनाही केव्हाच कळले होते. पण अंगरखा बदलण्याऐवजी आपण अंगच कापत आलो.

शब्दांच्या आठ जाती घ्या. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही आठांची माळ आपण इतक्या लहानपणी पाठ करतो, की ती सप्ताहाच्या सात वारांसारखी आकाशातून आली असावी असे वाटते. ती आली अलेक्झांड्रियाहून. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात डायोनिसिअस थ्रॅक्स या नावाच्या ग्रीक पंडिताच्या व्याकरणात ग्रीक शब्दांचे आठ वर्ग सांगितले आहेत. त्यात एक वर्ग उपपदाचा होता. रोमन लोकांनी हीच आठांची यादी लॅटिनला लावली, तेव्हा पंचाईत अशी झाली की लॅटिनमध्ये उपपदच नाही! मग त्यांनी काय करावे? उपपद गाळून सात म्हणावे, तर आठाचा आकडा मोडतो. म्हणून त्यांनी ‘अरेरे’, ‘अहाहा’ असल्या उद्गारांचा एक स्वतंत्र वर्ग केला आणि आठ पुरे केले. आमच्या पाठ्यपुस्तकातले केवलप्रयोगी अव्यय ते हेच. वाचकहो, परीक्षेत ‘शाबास’ची जात ओळखताना ज्या मुलाच्या कपाळाला घाम फुटतो, त्याला कोणी सांगावे की बाळ, हा घाम दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये एक जागा रिकामी पडली म्हणून फुटला आहे!

पुढे ही पेटी इंग्रजांकडे गेली. लिंडली मरे नावाचे मूळचे अमेरिकेतले वकील इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले होते. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ साली इंग्रजी व्याकरण लिहिले, ते सगळीकडे पसरले आणि आपल्याकडेही आले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो याच मरेसाहेबांचा. मरेच्या यादीत उपपद धरून नऊ जाती होत्या. मराठीला उपपद नाही. ते गळले, राहिल्या आठ.

दादोबांविषयी मी टोपी उतरवूनच बोलतो. १८३६ साली त्यांचे वय अवघे बावीस होते, आणि तोवर मराठीच्या व्याकरणाचा जो उद्योग छापून निघाला होता तो मुख्यतः परक्यांचा. श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण काढले. त्याच्याही आधी फादर स्टीफन्सने आपल्या गोव्याच्या कोंकणीचे व्याकरण लॅटिनच्या वळणावर रचले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. महानुभावांपैकी भीष्माचार्यांनी ‘पंचवार्तिक’ लिहून मराठीचा विचार मराठीतच केला होता. पण ती पोथी पंथाच्या पेटाऱ्यात बंद. तेव्हा दादोबांनी जी पेटी हाताशी होती ती घेतली. बावीस वर्षांच्या मुलाने पहिला अंगरखा उसन्या मापाने बेतला यात नवल नाही. नवल आहे ते पुढच्यांचे. त्यांनी तो गणवेश केला.

आणि या गोष्टीतली खरी गंमत तर वेगळीच आहे. ज्या काळात आपण मराठीला मरेच्या पेटीत कोंबत होतो, त्याच काळात युरोपातले पंडित संस्कृत शिकून आपल्या लॅटिनच्या पेट्या फोडत होते! जर्मनीत फ्रान्झ बॉपने १८१६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांच्या क्रियारूपांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. शब्द फोडून धातू आणि प्रत्यय वेगळे करावेत, भाषेचे नियम तिच्या स्वतःच्या रूपांतून काढावेत, हा धडा त्यांना पाणिनीच्या परंपरेने दिला. यास्काने शब्दांच्या चार जाती सांगितल्या, पाणिनीचे काम सुबन्त आणि तिङन्त या दोन पदांवर भागले. साहेब आमच्या घरी येऊन मोकळा होऊन गेला आणि आम्ही त्याच्या घरचे जुने कुलूप आणून आमच्या दाराला लावले.

म्हणून पाणिनीकडे चला, असे म्हणणारे लगेच उभे राहतील. त्यांनी जरा बसावे. अस्तर संस्कृताचे आहे असे मी म्हटले ते विसरून नव्हे. विभक्तीचा तक्ता आठवा. ‘आई मुलाला मारते’ यातले ‘मुलाला’ द्वितीया. ‘आई मुलाला लाडू देते’ यातले ‘मुलाला’ चतुर्थी. ला तोच, मूल तेच, आई तीच. मग विभक्ती बदलली कशाने? संस्कृतात बदलते म्हणून. तिथे ‘बालम्’ आणि ‘बालाय’ अशी दोन निराळी रूपे कानाला ऐकू येतात, मराठीत एकच येते. जी गोष्ट कानाला ऐकू येत नाही आणि डोळ्याला दिसत नाही, ती पोराला दिसावी म्हणून आम्ही छडी उगारतो. तक्त्यात ‘स, ला, ते’ हे तीन प्रत्यय दोन्ही ओळींत छापलेले असतात. त्यांतला ‘ते’ मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, जुन्या ओव्यांत तेवढा भेटतो. ‘घरात’ म्हटले की सप्तमी, आणि ‘घरावर’, ‘घराखाली’, ‘घरापाशी’ म्हटले की शब्दयोगी अव्यय. घराच्या आत आणि घराच्या वर यांत व्याकरणाची भिंत कुठून आली, हे विचारण्याची हिंमत एखाद्याच पोराला होते आणि त्याला आम्ही ‘जास्त शहाणा’ म्हणतो.

कर्त्याचे तेच. ‘क्रिया करणारा तो कर्ता’ अशी व्याख्या फळ्यावर लिहायची आणि खाली उदाहरण द्यायचे, ‘मला चहा आवडतो.’ अख्खा वर्ग ओरडतो, कर्ता ‘मी’! पुस्तक म्हणते, कर्ता ‘चहा’. अहो, चहा बिचारा कपात निवत पडला आहे, तो कोणती क्रिया करतो? रूपाच्या दृष्टीने पुस्तकाचे उत्तर बरोबर आहे, कारण क्रियापद चहाच्या मागे जाते. पण मग व्याख्या खोटी. भूक मला लागते, राग मला येतो, सर्दी मला होते. मराठी माणूस अशा किती गोष्टींचा कर्ता नसतो, त्या त्याच्याकडे चालून येतात. हा आपल्या भाषेचा स्वभाव आहे आणि तो सांगायला त्या पेटीत खण नाही. जिथे आमच्या व्याकरणकारांनी कान उघडे ठेवले, तिथे त्यांनी झकास काम केले. ‘उजाडले’, ‘मळमळते’ अशा क्रियापदांना त्यांनी ‘भावकर्तृक’ हे नाव दिले, ते मरेच्या पुस्तकात शोधून सापडायचे नाही. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचे. त्यात असल्या प्रश्नांचा केवढा तरी खल आहे. अरविंद मंगरूळकरांनी तर १९६४ साली ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ असे नावच देऊन पुस्तक लिहिले. पुनर्विचार झाला, पुस्तक कपाटात गेले, शाळेतला तक्ता भिंतीवर आहे तिथेच आहे.

आता दिवाळीपुरते एक उदाहरण देतो. शेजारणीला तुम्ही म्हणालात, ‘आम्ही दिवाळीत गोव्याला जाऊ’, तर ती ‘बरं’ म्हणेल आणि घराच्या किल्ल्या मागून घेईल. तुम्ही म्हणालात, ‘आपण दिवाळीत गोव्याला जाऊ’, तर ती ट्रंक भरायला लागेल. एका शब्दात ऐकणारा आत की बाहेर, हे ठरते. इंग्रजीच्या एकुलत्या ‘वी’ला हे साधत नाही. भाषाशास्त्रज्ञ हा भेद द्राविडी भाषांच्या शेजाराचा प्रसाद मानतात. तमिळ, तेलुगूत तो आहे. आणि आमची शालेय पुस्तके? ‘मी, आम्ही, आपण, स्वतः’ असे एका ओळीत मांडून पुढच्या पुरुषाकडे वळतात. साऱ्या गल्लीचे रुसवेफुगवे ज्यावर चालतात तो भेद एका स्वल्पविरामात संपला!

यावरून माझा परक्यांशी दावा आहे असे कोणी समजू नये. तो स्वल्पविरामसुद्धा मेजर कँडीने मराठीत रुजवला, आणि मी तो आनंदाने वापरतो. मोल्सवर्थ परकाच होता. पण त्याने १८३१ साली कोश केला आणि १८५७ साली साठ हजारांच्या आसपास शब्दांनिशी तो पुन्हा काढला, तेव्हा बाजारातला, शेतातला, माजघरातला, शिवराळसुद्धा शब्द तो टिपत गेला. रात्री लिहिताना अडलो की मी आजही त्याच्याच दाराशी जातो. परका ऐकायला आला तर भाषेचे भले होते. तो मापे घेऊन आला आणि आम्ही त्या मापांना देव मानले, की बिघडते.

कोल्हापूरकडून आलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिने निबंधात लिहिले, ‘मी शाळेत जातो.’ तिकडच्या बायका तसेच बोलतात. ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांना कोणी पुरुष समजत नाही. वही तपासणीला आलेल्या एका वरिष्ठांनी त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. ती मुलगी त्यापुढे कित्येक दिवस हात वर करीनाशी झाली. विचारले की ‘येत नाही’ एवढेच म्हणायची. त्या वरिष्ठांनी ‘लिंग चुकले’ असा शेरा मारला होता. चुकले कोणाचे? तिच्या आईचे, आजीचे, साऱ्या पंचगंगाकाठचे? प्रमाण भाषा लेखनात हवी, हे मला मान्य आहे. बाहेरगावच्या माणसाला आपले पत्र कळले पाहिजे. तेव्हा तिला सांगायचे ते एवढेच, की ‘घरी असे बोलतात, छापतात तसे, दोन्ही तुझे.’ हे वाक्य सांगायला अर्धे मिनिट लागते, पण आमच्या टाचणात त्याला पायरी नाही.

टाचणाच्या पायऱ्यांची कुळकथा तर निराळीच. कांटच्या खुर्चीवर १८०९ साली कोनिग्सबर्गला बसलेल्या हर्बार्टने ज्ञान मनात कसे मुरते याच्या चार अवस्था सांगितल्या. त्याच्या शिष्यपरंपरेत झिलर आणि राइन यांनी त्यांच्या पाच पायऱ्या केल्या. त्या समुद्र ओलांडून अध्यापनविद्यालयांत आल्या आणि मास्तरांच्या कित्येक पिढ्या प्रस्तावना, हेतुकथन, प्रतिपादन करीत त्या चढल्या. मग १९५६ साली अमेरिकेत ब्लूमची उद्दिष्टांची उतरंड निघाली, ब्लूम स्वतः १९५७-५८च्या सुमारास भारतात येऊन गेले, आणि आमच्या टाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन असे रकाने पडले. ‘मी जातो’ हे वाक्य कोणत्या रकान्यात घालू?

लोक म्हणतात, मास्तर, एवढे कशाला मनावर घेता, चार मार्कांचा तर प्रश्न. चार मार्कांचा राहिलेला नाही. तलाठ्याच्या, पोलिसाच्या, लिपिकाच्या भरतीच्या परीक्षांत मराठी व्याकरणाचे पर्यायी प्रश्न असतात. माझ्याकडे संध्याकाळी शेतकऱ्यांची पोरे शंका घेऊन येतात. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या मराठीशिवाय दुसरी भाषा नाही, आणि ती मराठीतच नापास होण्याच्या भीतीने काळवंडलेली असतात. ‘मुलाला’ची विभक्ती चुकली की एक गुण जातो, आणि एका गुणाखाली किती जण उभे असतात ते त्या परीक्षेची यादी लागते तेव्हा पाहावे. जे पास होतात ते पुढे कचेरीत बसून ‘आपणांस कळविण्यात येते की’ असे लिहू लागतात. इंग्रजी दफ्तराच्या तर्जुम्यातून आलेले हे वाक्य. त्यात कोणी कळवले त्याचा पत्ता लागत नाही. चहाला कर्ता करणारे व्याकरण शिकलो, आता कर्ताच गायब करण्याची नोकरी मिळाली.

अशाच एका भरतीच्या उत्तरतालिकेवर माझ्याकडे येणाऱ्या मुलाने हरकत घेतली. प्रश्न ‘ला’चाच होता. अर्ज मी त्याला लिहून दिला, त्यात दोन्ही वाक्ये मांडली आणि विचारले, की मराठीच्या कोणत्या खुणेवरून उमेदवाराने हा भेद ओळखावा? एका ओळीचे उत्तर आले, ‘परंपरेनुसार तालिकेतील उत्तर कायम करण्यात येत आहे.’ कोणाच्या परंपरेनुसार, असे आम्ही उलट टपाली विचारले आहे. मुलगा आता दुसऱ्या परीक्षेच्या तयारीला लागला आहे, आणि ‘स, ला, ते’ म्हणत सायकलवरून जातो.