दूरच्या दारास अडसर कोणी घालावा?

सिल्वासा परिसरात आमली, पिपरिया, मसाट येथे कारखाने चालविणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांची मूळ पेढी आजही मुंबईस काळबादेवी वा मस्जिद बंदर भागात आहे. सूत येथे तयार होते, सौदा तेथे ठरतो, आणि हिशेब मात्र एकाच संगणकावर लिहिला जातो. मालक मुंबईच्या घरी बसून सिल्वासाच्या कचेरीतील तो संगणक समोर असल्याप्रमाणे चालवितो. या सोयीस रिमोट डेस्कटॉप म्हणतात. आमची तक्रार सोयीविषयी नाही. ती ज्या बेफिकिरीने करून घेतली जाते, तिच्याविषयी आहे.

संगणकाकडे बाहेरून येणारी वर्दळ क्रमांक दिलेल्या वाटांनी येते. त्या वाटा म्हणजे पोर्ट. त्यांचे क्रमांक ० ते ६५५३५. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची ठरलेली वाट ३३८९ ही होय. फायरवॉल हा त्यांवरील नाकेदार. कोणत्या वाटेने, कोणत्या पत्त्यावरून आलेल्यास आत सोडावे, हे त्यास आधी सांगून ठेवावे लागते. पण मालकाच्या मोबाइलचा पत्ता आज एक, उद्या दुसरा. मग कारागीर ‘कोठूनही येऊ द्यावे’ असा हुकूम लिहितो आणि राउटरवरून ३३८९ थेट हिशेबाच्या संगणकाकडे वळवितो. काम पाच मिनिटांत उरकते व मालक खूष होतो.

हे आमच्याच पेढीवर घडले. एका सोमवारी सकाळी मुनीमजींनी संगणक उघडला, तो खतावणीच्या जागी खंडणीची चिठ्ठी! प्रतीची डिस्क त्याच संगणकास कायम जोडलेली असल्याने तीही कुलूपबंद झाली होती. खंडणी दिली नाही. परंतु बिले, चलने आणि बँकेचे उतारे जमवून वर्षाचा हिशेब पुन्हा लिहिण्यात तीन आठवडे गेले, आणि काही येणी तर कायमची बुडाली. दोष कारागिरावर ढकलणे सोपे होते. पण ‘कोठूनही उघडले पाहिजे’ असे त्यास मीच बजावले होते.

काही जण ३३८९ ऐवजी दुसरा क्रमांक घालून निश्चिंत होतात. दुकानावरची पाटी काढली म्हणून दुकान अदृश्य होत नाही. एका संगणकावरून जगातील सारे आयपीव्ही-४ पत्ते एका पोर्टसाठी पाऊण तासात तपासता येतात, हे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवून दिले. पासवर्ड कठीण आहे, हे उत्तरही अपुरे. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधील ‘ब्लूकीप’ हा दोष उघड झाला; त्यात पासवर्डाची गरजच नव्हती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा स्वतः मोडीत काढलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, यावरून त्याचे गांभीर्य ओळखावे.

योग्य रीत अशी की राउटरवर ३३८९ मुळीच उघडू नये. बाहेरून येणाऱ्याने प्रथम व्हीपीएनच्या बंदिस्त मार्गाने, पासवर्ड आणि मोबाइलवरील संकेतांक अशी दुहेरी ओळख पटवून आत यावे. आणि विंडोजच्या फायरवॉलने केवळ त्या मार्गावरील पत्त्यांनाच रिमोट डेस्कटॉप द्यावा. चुकीचा पासवर्ड काही वेळा पडताच खाते बंद व्हावे. जुन्या विंडोजमध्ये ही मर्यादा मुद्दाम घालावी लागते. व्हीपीएनचे यंत्रही वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावे, नाहीतर तेच दुसरे उघडे दार. हिशेबाची एक प्रत संगणकापासून विलग असावीच. खर्चाचे म्हणाल, तर तिजोरीच्या कुलपाचा भाव करीत बसणारा व्यापारी मी तरी पाहिलेला नाही.

कायद्यासही याची जाण आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत त्याची वर्दी द्यावयाची असते आणि संगणक-व्यवस्थांच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या असतात. आपल्याकडील किती राउटर अशा नोंदी ठेवतात?

प्रत्येक सभासदाने आपल्या कारागिराकडून कोणते पोर्ट, कोणासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडे आहे, हे कागदावर लिहून घेऊन त्यावर स्वतः सही करावी. आणि मंडळाने सामाईक खर्चाने एक जाणकार नेमून, मार्चअखेरीच्या हिशेबांपूर्वी सभासदांच्या पेढ्यांची अशी तपासणी करवावी, अशी माझी सूचना आहे. पहिली तपासणी आमच्या पेढीची झाली तरी चालेल.