तेरा आणि अठरा व्होल्ट

नगरहून सोलापूरला जाताना मिरजगावात चहाला थांबलो होतो. समोरच्या पत्र्यावर डिशवाला चढलेला. डिशची दिशा बरोबर होती, पण निम्मी चॅनेल गायब. त्याने एलएनबीची, म्हणजे डिशसमोरच्या संग्राहक डब्याची, पकड सैल केली, डबा जरासा पिळला आणि तो खाली ओरडला, "आता बघा, अठरावर आलं का?" १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभे ध्रुवण घेतो, १८ दिले की आडवे, कोन चुकला की एकातले दुसऱ्यात सांडते. ध्रुवणमापन इतक्या सोप्या भाषेत मला वर्गात कुणी शिकवले नव्हते.

विश्वाच्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचे (सीएमबी) ध्रुवण मोजणाऱ्यांचे दुखणे हेच, फक्त आकडे निर्दयी आहेत. प्रारणाचे तापमान २.७२५ केल्विन, त्यातले चढउतार शंभरेक मायक्रोकेल्विनचे. ध्रुवण त्याहून क्षीण. दक्षिण ध्रुवावरच्या डॅसी या उपकरणाने ते २००२ मध्ये प्रथम टिपले. आदिम गुरुत्वतरंगांची खूण असलेला बी-मोड, असलाच तर, ०.१ मायक्रोकेल्विनच्याही खाली. आता आपल्या टेबलावर या. दोन ध्रुवणांच्या वाहिन्यांची वजाबाकी करायची आहे, दोघींच्या गेनमध्ये १ टक्का फरक आहे आणि वर १० केल्विनचे आकाश आहे. वजाबाकीत १ लाख मायक्रोकेल्विनचे खोटे ध्रुवण उभे राहते. ज्याच्या मागे आहोत त्याच्या दहा लाख पट! म्हणून दुर्बिणीच्या तोंडाशी अर्धतरंग पट्टिका फिरवत ठेवतात. खरे ध्रुवण तिच्या फेऱ्यांच्या चौपट वारंवारतेला हलते, गेनचा रेंगाळता फरक मागे राहतो.

१७ मार्च २०१४ रोजी बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने बी-मोड सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा संवेदक उत्तम होते. मोजलेला सिग्नलही खरा होता. पण पुराव्याचा भार जवळजवळ सगळा १५० गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यावर होता, आणि आकाशगंगेतली धूळही ध्रुवित प्रारण सोडते. प्लँक उपग्रहाच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नकाशांशी ताळा केल्यावर २०१५ च्या सुरुवातीला दावा मागे पडला. मला त्यात फजिती दिसत नाही. पट्ट्यांची कंजुषी दिसते.

हवेतले बाष्पही सूक्ष्मलहरी अडवते, म्हणून दुर्बिणीला कोरडी जागा लागते. मिरजगावकर विचारतील, आमच्याइतके कोरडे कोण? मिरजगावचा कर्जत तालुका अवर्षणप्रवण खरा. पण पाऊस न पडणे वेगळे आणि हवेत बाष्प नसणे वेगळे. आषाढात ढग न बरसता पुढे जातात, तेव्हाही डोक्यावरचे बाष्प निथळले तर तीस-चाळीस मिलिमीटर पाणी भरेल. दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात ते अर्धा मिलिमीटरही नसते. सायमन्स वेधशाळा म्हणूनच चिलीत ५,२०० मीटरवर गेली. आपल्याकडे जागा शोधायची तर लडाखात, हानलेच्या बाजूला.

माणसांचे म्हणाल तर, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर महास्फोट न मानणारे. ताऱ्यांचा प्रकाश अंतराळातल्या लोहाच्या सूक्ष्म सुया शोषतात आणि पुन्हा सोडतात, त्यातून पार्श्वप्रारण बनते, अशी त्यांची मांडणी होती. त्याच आयुकात तरुण सौरदीप आणि सहकाऱ्यांनी महास्फोटाच्या चौकटीत डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या मोजमापांचे स्वतंत्र विश्लेषण केले. संस्थेचा हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो. पुढे २०१८ मध्ये सीएमबी-भारत या उपग्रहाचा प्रस्ताव इस्रोकडे गेला. आपली गणिताची बाजू भक्कम आहे. फीडहॉर्न, गाळण्या, शीतयंत्रे यांचा हात मात्र प्रस्ताव मंजूर झाल्यावर एका रात्रीत बसत नाही.

तेव्हा एक ट्विन एलएनबी घ्या, एक वाहिनी १३ वर, दुसरी १८ वर. खोक्यावर ०.१ डीबी छापलेले असते. ते खरे असेल तर गोंगाट ७ केल्विनच निघायला हवा. मोजून पाहा. मग हॉर्न ४५-४५ अंशांनी फिरवत रात्रभर वजाबाकी नोंदवा आणि आलेख आमच्याकडे पाठवा. सगळ्यात वाईट आलेख आधी छापू.

– संपादक