ओल आधी, वेष्टन नंतर

नवी मुंबईतून पाऊस माघारी जातो, पण ओल जात नाही. ती भिंतीत, सज्ज्यात, गच्चीखालच्या छतात मुक्काम ठोकून बसते. आमच्या वाशी-नेरुळकडच्या कित्येक इमारतींनी आता चाळिशी ओलांडली आहे. सळया गंजून काँक्रीटचे पोपडे पडू लागले, की सोसायटीच्या सभेत हल्ली एक शब्द हमखास ऐकू येतो – फायबर रॅपिंग. खांबाला कार्बनच्या किंवा काचेच्या धाग्यांचे कापड इपॉक्सी राळेने चिकटवून गुंडाळायचे. उपाय उत्तम आहे. वजन नगण्य, जागा अडत नाही, खांबाला बळ मिळते. माझे भांडण आहे ते या कापडाला ताईत समजण्याशी.

धागा आणि राळ यांच्या या जोडीला संमिश्र पदार्थ म्हणतात. धागा भार पेलतो, राळ त्याला धरून ठेवते. कार्बनचा धागा पाणी पीत नाही. राळ मात्र महिनोन् महिने थोडी थोडी पीत राहते. मग ती किंचित फुगते, मऊ पडते आणि उष्णतेला लवकर नमते. काचेच्या धाग्याला तर ओल आणि सिमेंटमधला अल्क मिळून पोखरतात. सर्वांत नाजूक जागा म्हणजे राळ आणि काँक्रीट यांचा सांधा. खांब ओला असतानाच कापड गुंडाळले, तर सांधा कच्चा राहतो. आतला गंज थांबत नाही; तो फक्त दिसेनासा होतो.

न दिसणाऱ्या गंजाची किंमत आपण मोजलेली आहे. काँक्रीट आणि पोलाद हीही एक जोडीच. १९७३ साली खुल्या झालेल्या वाशीच्या पहिल्या खाडीपुलाच्या आतल्या पोलादी तारांना गंजाने ग्रासले. १९९७ साली शेजारी दुसरा पूल उभा राहिला. गोव्यात मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तोही तारा आतून गंजल्यामुळेच.

विमाने बनवणारे या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. बोइंग ७८७ च्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा असतो. तिथे नमुन्यांना आधी ओल पाजतात, तापवतात आणि मग उरलेली ताकद मोजून हिशेबात धरतात. २०२५ च्या ऑक्टोबरात ज्या शहरात विमानतळाचे उद्घाटन झाले, तिथल्या सोसायट्यांनी एवढी शिस्त उचलायला हरकत नसावी.

म्हणून सभेत सर्वांत स्वस्त निविदेला हात वर करण्यापूर्वी क्रम विचारा. आधी गळती बंद, मग सळयांचा गंज साफ, खांब कोरडा, ओलमापकाची नोंद, आणि त्यानंतरच कापड. पुढे दरवर्षी खांब ठोकून पाहायचा. आवाज पोकळ आला तर कापड सुटले आहे असे समजावे. ‘पावसाच्या आत उरकून टाकू’ ही घाई मला पटत नाही. वेष्टन चार महिने उशिरा झाले तर चालेल, तोवर खांबाला टेकू द्या. ओल कोंडून घेतलेला खांब मात्र वरून नव्यासारखा दिसत राहील, आणि त्याच्या भरवशावर वरच्या मजल्यांवर मुले निर्धास्त झोपतील.