संगणकाने सुचवलेले औषध

मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांना आतड्याचा क्षयरोग झाला, तोही दोनदा. दुसऱ्या खेपेच्या उपचारांत कानामायसीनची इंजेक्शने होती. रोग हटला, पण २०१३ साली, ऐन तारुण्यात, त्यांना ऐकू येईनासे झाले. या इंजेक्शनाने कान जाऊ शकतात हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होते. तरीही ते द्यावे लागे, कारण हाताशी पुरेशी दुसरी औषधे नव्हती. कानामायसीनचा शोध लागला होता १९५७ साली!

क्षयावर अगदी नव्या प्रकारचे औषध, बेडाक्विलीन, अमेरिकेत मंजूर झाले ते डिसेंबर २०१२ मध्ये. त्याआधीची चाळीसहून अधिक वर्षे कोरडीच गेली. जंतू मात्र स्वस्थ बसले नव्हते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस अशा चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतातला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या बातमीने डॉक्टरांची झोप का उडाली ते कळते.

नवे औषध यायला एवढा वेळ का लागतो? क्षय हा बहुतांशी गरिबांचा आजार, त्यात पैसा गुंतवायला कंपन्या नाखूश, हे एक कारण झालेच. पण शोध घेण्याचे कामही जिकिरीचे असते. जंतूच्या किंवा आपल्या शरीरातल्या एखाद्या प्रथिनाला कुलूप मानले, तर औषध म्हणजे त्यात नेमकी बसणारी किल्ली. किल्ल्या असतात लाखो, कोट्यवधी. आजवर प्रयोगशाळेत त्या एकेक करून लावून पाहाव्या लागत. बहुतेक बसत नाहीत. ज्या बसतात, त्यांतल्या कित्येक यकृताला किंवा हृदयाला अपाय करतात आणि बाद होतात.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता मदतीला आली आहे. पेटीतून नेमका पिकलेला हापूस उचलणाऱ्या गृहिणीला तुम्ही नियम विचारा, तिला धड सांगता येणार नाही. वर्षानुवर्षे शेकडो आंबे हाताळून, हुंगून तिला ते जमलेले असते. संगणकालाही असेच शिकवतात. नियम न सांगता उदाहरणे दाखवायची.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेम्स कॉलिन्स, जोनाथन स्टोक्स आदी संशोधकांनी हेच केले. सुमारे अडीच हजार रेणू त्यांनी जंतूंवर प्रत्यक्ष तपासले. कोणत्या रेणूने जंतूंची वाढ थांबली, कोणत्याने नाही, हे संगणकाला दाखवले. मग आधीच माहीत असलेल्या सुमारे सहा हजार रेणूंची यादी पुढे ठेवून विचारले, यातले कोणते चालतील? संगणकाने बोट ठेवले ते मधुमेहासाठी पूर्वी तपासल्या गेलेल्या एका रेणूवर. प्रतिजैविक म्हणून त्याकडे कोणी पाहिले नव्हते, कारण नेहमीच्या प्रतिजैविकांशी त्याच्या रचनेचे साम्यच नव्हते. प्रयोगशाळेत त्याने अनेक चिवट जंतू मारले, क्षयाचा जंतूसुद्धा. उंदरांवरचे प्रयोगही आशादायक ठरले. एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटातील ‘हॅल’ या संगणकावरून त्याचे नाव ठेवले हॅलिसिन. हे संशोधन फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे याच पद्धतीने दहा कोटींहून अधिक रेणूंची यादी अवघ्या तीन दिवसांत चाळली गेली. हाताने हे काम करायला किती पिढ्या लागल्या असत्या?

कुलपांची रचना ओळखण्याचे कामही सोपे झाले आहे. ‘अल्फाफोल्ड’ या संगणकप्रणालीने सुमारे वीस कोटी प्रथिनांच्या आकारांचे अंदाज मांडले. तिच्या निर्मात्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. (प्रथिनांची साखळी कशी वळू शकते याचा नकाशा १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह मांडला होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.)

मग उद्या औषधांचा पूर येणार का? इतक्यात नाही. संगणकाने किल्ली सुचवली तरी ती माणसाला सोसते का, ते माणसावरच पाहावे लागते. आधी थोडे निरोगी स्वयंसेवक, मग काही रुग्ण, मग शेकडो-हजारो. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दर दहा औषधांपैकी नऊ या वाटेवर गळतात. संगणकाच्या साहाय्याने घडवलेला डीएसपी-११८१ हा रेणू २०२० मध्ये मोठा गाजावाजा होऊन चाचणीत उतरला आणि पहिल्याच टप्प्यानंतर सोडून द्यावा लागला. उलट फुप्फुसे कडक होत जाणाऱ्या एका आजारावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तयार झालेल्या रेंटोसर्टिब या औषधाची चीनमध्ये ७१ रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली. २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष आले, ते उत्साह वाढवणारे आहेत. पण ७१ रुग्ण म्हणजे सुरुवातच.

चाचणीत कोण असते, यालाही महत्त्व आहे. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बाजारात येऊन वीस वर्षे झाल्यावर, २०१३ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी तिची मात्रा निम्मी करायला लावली. स्त्रियांच्या शरीरातून ते औषध सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवतानाही गुंगी राहू शकते! संगणक शिकतो तो अशाच जुन्या नोंदींवरून. त्यांत स्त्रिया कमी, भारतीय कमी असतील, तर त्याचे अंदाजही आपल्या बाबतीत तितकेच कच्चे. या दृष्टीने दहा हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली, ही मोलाची गोष्ट म्हणायला हवी.

घरचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. छत्रपती संभाजीनगर येथे संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट कंपनीचे नॅफिथ्रोमायसीन हे न्यूमोनियावरचे स्वदेशी प्रतिजैविक २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारने समारंभपूर्वक पुढे आणले. गोळी दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस. त्यामागे चौदा वर्षे आणि सुमारे ५०० कोटी रुपये गेले होते. संगणक यातली शोधाची वर्षे वाचवू शकेल. रुग्णांवर औषधाचा परिणाम पाहण्याची वर्षे तो फारशी कमी करू शकत नाही, आणि घाईने केलीही जाऊ नयेत.

किमतीचे काय, हा प्रश्न तर संगणकाच्या कक्षेतच येत नाही. बेडाक्विलीन आले, पण ते महाग होते आणि त्यावर एकाच कंपनीचा हक्क होता. हा हक्क आणखी काही वर्षे लांबवण्याचा अर्ज भारतात आला, तेव्हा २०१९ मध्ये त्याला हरकत घेणाऱ्यांत दोन तरुणी होत्या. एक दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, क्षयाच्या औषधांनी कान गमावलेल्या. दुसऱ्या नंदिता व्यंकटेशन. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि त्याच वर्षीच्या जुलैत मूळ पेटंटही संपले. भारतीय कंपन्यांना ही गोळी बनवण्याची वाट मोकळी झाली.