दहा जुलै कोणाला आठवतो?

६ एप्रिल १९३०, दांडीचा दिवस, शाळकरी मुलालाही पाठ असतो. १० जुलै १९३० कोणता, असे यवतमाळच्या बसस्थानकावर विचारून पाहा! वऱ्हाडाला समुद्र नाही. मीठ उचलायचे कोठून? म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल कायदा मोडण्याचे ठरविले आणि त्या दिवशी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून ते तुरुंगात गेले. गुरे राखणाऱ्याला हा कायदा रोज बोचत होता.

अकराच दिवसांनी, २१ जुलैला, डॉ. हेडगेवारांनी यवतमाळजवळ हाच सत्याग्रह केला. सरसंघचालकपदाची धुरा डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून ते आले होते. नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली. रवानगी अकोल्याच्या तुरुंगात. ‘स्वातंत्र्यलढ्यात संघ कोठे होता?’ असे विचारणाऱ्या विद्वानांना अकोला नकाशावर सापडत नाही काय? ते व्यक्ती म्हणून गेले, संघ म्हणून नव्हे, ही त्यांची ठरलेली पळवाट. होय, व्यक्ती म्हणूनच गेले. तसे डॉक्टरांनीच ठरविले होते. पण पद उतरवून कारावास पत्करणे हे अनुल्लेखाचे कारण कसे ठरते?

मात्र बोट आपल्याकडेही वळवावे लागेल. आपण २१ जुलै सांगतो आणि १० जुलै गाळतो. अणे काँग्रेसचे, म्हणून? वणीच्या या टिळकभक्ताने १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणप्रसंगी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला होता. त्यांना वगळून डॉक्टरांचा सत्याग्रह सांगायचा कसा? अण्यांनी सुरू केलेल्या आंदोलनातच तर डॉक्टर उतरले होते.