सोनं उघड्यावर ठेवणारे

"तळ्यावरच्यांनी मासे धरावेत, कोंबड्यांच्या शेडमध्ये नाक खुपसू नये." नवापूरच्या पोल्ट्रीचं वकीलपत्र घेतलेल्या एका विद्वानांचा हा उपदेश. त्यांचे मुद्दे चार : पोल्ट्री ही शेतीच, तिच्यावर अनेकांची चूल पेटते, कोंबडीखत म्हणजे सोनं, आणि ते खत तळ्यात उतरतं यावर बोलण्याचा मच्छीमार संस्थांना अधिकार नाही. कुपोषित जिल्ह्याला अंडी हवीत, हा पाचवा मुद्दा तोंडी लावायला.

पाचव्यापासून सुरू करू. सरकारी अमृत आहार योजनेतलं अंडं खाणारं पोर पाणीही त्याच गावचं पितं. शेडमधल्या मजुराची चूल पेटावी म्हणून मासेमाराची विझावी, हा कुठला न्याय? आणि शेती म्हणाल, तर गहू पेरायला प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र लागत नाही. हरित लवादाने २०२० मध्ये पोल्ट्रीला मिळणाऱ्या सवलतीचा फेरविचार करायला लावला आणि पाच हजारांवर पक्षी असलेली फार्म संमतिपत्राच्या कक्षेत आली. लाखभर कोंबड्या पिंजऱ्यात कोंबून 'आम्ही गरीब शेतकरी' म्हणायला धाडस लागतं; ते यांच्याकडे भरपूर आहे.

आता सोन्याकडे वळू. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते. लाख कोंबड्यांची रोज दहा टन, वर्षाला साडेतीन हजार टनांच्या पुढे. कोंबडी बारा महिने हगते; शेतकरी खत टाकतो मृगाच्या आधी, फार तर रब्बीला. मधले महिने ढीग कुठे असतो? शेडमागे, उतारावर, बहुतेकदा उघड्यावर. सोनं असं पावसात ठेवणारा सराफ माझ्या तरी पाहण्यात नाही. पहिला दणक्याचा पाऊस झाला की नत्र आणि स्फुरद ओहोळाने तळ्यात उतरतं. आठवडाभरात पाणी हिरवंगार. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री तोच ओढून घेतं. पहाटे कटला-रोहू पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. दोन दिवस आभाळ भरलेलं राहिलं की सकाळी पांढरी पोटं काठाला लागतात.

यावर विद्वानांचं उत्तर तयार : मासेवालेच तर तळ्यात शेणखत टाकतात! टाकतात, पाण्याचा रंग बघून, बेताने, आणि रंग गडद झाला की हात आखडतात. ओहोळाला रंग बघता येत नाही. सलाईनची बाटली माणसाला वाचवते म्हणून कोणी त्याला मिठाच्या पोत्यात पुरत नाही.

पुरण्यावरून आठवलं. १८ फेब्रुवारी २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच निश्चित झाला. तेव्हाही याच गोटातून 'ही तर कोंबड्यांची नेहमीची मानमोडी' असा ठणाणा झाला होता. लाखो पक्षी मारून खड्ड्यांत घालावे लागले. २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या खड्ड्यांखाली भूजल किती खोल, हे विचारणाऱ्यांना तेव्हा 'उद्योगाचे शत्रू' ठरवलं गेलं. पंधरा वर्षांत विषाणू दोनदा आला. युक्तिवाद मात्र एकदाही बदलला नाही.

राहिला अधिकार. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं आहे. ज्या गावाचं तळं, त्याच गावचे मासेमार. त्यांनी बोलायचं नाही, तर काय तळ्याने बोलायचं?

पोल्ट्री बंद करा, असं कोणी म्हणत नाही. मागणं साधं आहे. खताला पक्का ओटा, वर छप्पर, भोवती पावसाचं पाणी अडवणारा चर. नदी-तळ्यापासून शंभर मीटरचं अंतर, जे नियमात आधीच आहे. खत किती निघालं, कोणी नेलं, याची नोंदवही दर महिन्याला ग्रामसभेपुढे. पावसाआधी आणि पावसानंतर तळ्याच्या पाण्याची तपासणी, फार्मच्या खर्चाने, मच्छीमार संस्थेच्या माणसासमक्ष. यात फार्म बुडत असेल, तर आजवरचा त्याचा नफा तळ्याच्या खिशातून येत होता, एवढंच सिद्ध होईल.

विद्वानांनी पुढच्या ग्रामसभेला जरूर यावं. भाषण नको, नोंदवही आणावी.